ती घरी येईपर्यंत

ह्यांच्या जाण्याची बातमी मला कुणी दिली नाही, मलाच द्यावी लागली. आमची लेक सुनंदा वकील. आमच्या जमातीतल्या दोन पोरांना पोलिसांनी चोरीच्या नुसत्या संशयावरून धरलं, म्हणून ती त्या दिवशी सांगलीत धरणं धरून बसली होती. "सुने, आप्पांनी डोळे मिटले गं..." फोनवर एवढंच बोलता आलं. पलीकडच्या घोषणांमधून तिचा आवाज आला, "माझ्यावर रागातच गेले का गं?"

मी शहरात वाढलेली. लग्न होऊन उंब्रजला आले तेव्हा अंगात नखरा फार आणि अक्कल बेताची. एका सकाळी सासऱ्यांना चौकीवर नेलं. घर गप्प. मी मात्र हौसेनं चूल पेटवून रस्सा टाकला, आणि सासूबाईंनी चुलीत तांब्याभर पाणी ओतलं! माझा स्वयंपाक सासूबाईंना बघवत नाही, असं ठरवून ही महाराणी माळ्याखाली गूळ खात रुसून बसली. ह्यांनी मला तोंड भरलेलं असतानाच पकडलं. रागावले नाहीत. शेजारी बसून म्हणाले, "गावात कोंबडी हरवली तरी आमच्या बाला न्यायचे. तिथं उपाशी ठेवायचे. बा घरी येईस्तोवर आमची चूल पेटायची न्हाई." लहानपणी एकदा हे भाकरी घेऊन चौकीवर गेले होते. 'चोराचं पोर, वर बघतंय' म्हणून शिपायानं अशी थोबाडीत दिली, की डावा कान कायमचा गेला. मला तो गूळ गिळवेना.

सुनंदा पहिल्या मोर्चाला निघाली तेव्हा हे दारात उभे राहिले. "नाव पुढं करू नगंस, पोरी. नाव कळलं की घर कळतंय."

"जन्मभर मान खाली घालून काय मिळालं आप्पा तुम्हाला?"

"तू मिळालीस की," हे म्हणाले आणि वाटेतून बाजूला झाले.

त्यानंतर ती मोर्चाला गेली, की हे अन्नाला शिवत नसत. रात्री ती आली की मुकाट्यानं हात धुऊन पाटावर बसायचे. तिला वाटे, आप्पा रुसून उपाशी बसतात. मी सांगायला निघाले, तर मलाच दटावलं, "सांगू नगंस. पाय मागं घ्यायची ती."

त्या दिवशीही दुपारपर्यंत पोटात काही नव्हतं. तसेच गेले...

तेरावं झाल्यावर सुनंदानं पुन्हा तेच विचारलं. ह्यांचा शब्द मोडून मी सगळं सांगितलं.

ती दोन पोरं अजून आतच आहेत. गेल्या आठवड्यात ती परत सांगलीला गेली. दिवेलागणीला फोन आला.

"आई, जेवलीस का?"

"व्हय की. पिठलं-भाकरी. पोट फुटायला आलंय."

थापा मारण्यात मी पहिल्यापासून पटाईत. पलीकडून ती म्हणाली,

"पेटव आता गॅस. फाट्यावर उतरलेय मी."