आपल्याच सरकारला विचारलेला प्रश्न

रंगनाथराव, म्हणजे आम्हा सर्वांचे तात्या, मला पहिल्यांदा भेटले ते तहसील कचेरीसमोरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात. नुकतेच आमदार झाले होते. मी टाईप केलेल्या निवेदनातले ‘असे समजते’ हे शब्द खोडून त्यांनी विचारलं, "कुणाकडून समजतं? जाऊन पाहिलं का?" पुढे मी त्यांचा स्वीय सहायक झालो. स्वतः पाहिल्याशिवाय त्यांनी एकही प्रश्न विधानसभेत पाठवला नाही.

शेवगावकडच्या एका गावात मार्था नावाची बाई बाळंतपणासाठी आरोग्य केंद्रात आली आणि पायरीवरच गेली. पोटातलं बाळही गेलं. तिचे पती शांतवन शेतमजूर. तात्या त्यांच्या घरी जाऊन आले आणि केंद्र बंद का होतं, असा तारांकित प्रश्न त्यांनी विधानसभेत दिला; अशा प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं. सरकार तात्यांच्याच पक्षाचं होतं. लेखी उत्तर आलं: डॉक्टर हजर होते, केंद्र बंद असल्याचे खरे नाही. तात्यांनी ते शांतवनांना फोनवर वाचून दाखवलं.

"साहेब, दाराला कुलूप हुतं," शांतवन म्हणाले. "मीच दगडानं तोडलं."

या उत्तरावर सभागृहात उपप्रश्न विचारू नका, असा पक्षाच्या वरिष्ठांचा निरोप आला. सरकार आपलंच आहे, जाऊ द्या, असं मीही सुचवलं. याची मला आजही लाज वाटते.

तात्या एवढंच म्हणाले, "आपलं हाय म्हणूनच विचारायचं. शांतवनला मी काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी ते सभागृहात उभे राहिले आणि उत्तर खोटं असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांच्या बाजूच्या बाकांवर कुणी मान वर केली नाही. मंत्र्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं. चौकशीत एक शिपाई निलंबित झाला; डॉक्टरांची बदली झाली, मंत्री जागेवरच राहिले. पुढच्या निवडणुकीत तात्यांना उमेदवारी मिळाली नाही.

चौकशीचा निकाल सांगायला ते स्वतः शांतवनांकडे गेले. मी सोबत होतो. "मला जमलं न्हाई," एवढंच बोलले. शांतवनांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. परतताना, तुझा सल्ला ऐकला असता तर बरं झालं असतं, असं तात्या चुकूनही म्हणाले नाहीत. मलाही कधी दोष दिला नाही.

आज पंचाहत्तरीतही ते ग्रामसभेला लेखी प्रश्न घेऊन जातात. पुष्कळदा उत्तर द्यायला कुणी आलेलंच नसतं. ते पोच मागून घेतात आणि घरी येतात.

तात्यांनी शंभरी गाठावी, त्यांचे पाय आणि डोळे तोवर धड राहावेत. सत्ता कुणाचीही असो, उभं राहून विचारणारं दुसरं माणूस आमच्या तालुक्यात आज तरी मला दिसत नाही.