पहिलं गिऱ्हाईक

माझ्या मावशीच्या यजमानांइतका आशावादी माणूस परंडा तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि देवाला थोडी दयामाया असेल तर पुन्हा होऊही नये. काका घरं बांधायची गुत्ती म्हणजे कंत्राटं घ्यायचे. सहकारी साखर कारखाना आपल्याच गावाजवळ निघणार अशी आवई उठली आणि या गृहस्थानं गावातलं राहतं घर विकून कुर्डुवाडी रस्त्यावरचा अख्खा माळ घेतला. कारखान्याचे कारकून येतील, केमिस्ट येतील, सगळ्यांना घरं लागतीलच की! तोवर स्वतः मावशीला घेऊन भाड्याच्या एका खोलीत.

माळावर त्यांनी फक्कीनं प्लॉट आखले. त्या पांढऱ्या रेघा म्हणजे काकांच्या लेखी पक्क्या भिंती. मी एकदा सरळ आडवा निघालो तर केवढ्यानं ओरडले, "आरं, लोकाच्या सैपाकघरातनं कुठं चाललास? रस्त्यानं ये की!" रस्ता म्हणजे दोन रेघांमधली कुसळं. चुकार शेळी शिरली तरी तिला 'दारातून' बाहेर काढायचे.

कारखाना गेला दुसऱ्या तालुक्यात. पाठोपाठ दुष्काळ पडला आणि प्लॉट बघून गेलेली माणसं बाजारात तोंड चुकवू लागली. मी म्हणालो, "काका, भाव उतरवा की." तर म्हणतात, "अन् आधीच्या गिऱ्हाइकाला काय तोंड दावू?" आधीचं गिऱ्हाईक! अहो, एक प्लॉट गेला नव्हता!

मावशीचं मागणं एवढंच, की एवढ्या माळावर आपल्याला एक खोली बांधा. पण काकांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. भवानी, म्हणजे पहिली विक्री, झाल्याशिवाय दुकानातला गुळाचा खडासुद्धा घरात जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त काकांच्या हाडीमाशी मुरलेली. "पयलं गिऱ्हाईक होऊ दे, मग तुझंच घर," हे ऐकत ऐकत मावशी खंगली. या माणसाचे पाय धरावेत की गळा, मला कळायचं नाही.

शेवटी एका सकाळी तीच पदर खोचून माझ्याबरोबर माळावर आली. काकांच्या हातावर रुपया ठेवून म्हणाली, "ह्यो इसार. कोपऱ्याचा प्लॉट मला द्या. आता झाली का भवानी?" काकांनी रुपया कपाळाला लावला आणि भर उन्हात ढसाढसा रडले. त्याच दिवशी त्यांनी पाया खणायला घेतला. पण गावाला प्यायचं पाणी टँकरनं येत होतं, भिंतींना कुठून आणणार? "पाऊस पडू द्या, मला लई घाई न्हाय," मावशी म्हणाली. पावसाच्या आधीच, त्या भाड्याच्या खोलीतच ती गेली.

पुढं विहिरींना पाणी आलं तेव्हा काकांनी ते घर बांधलं. माळावरचं एकुलतं एक घर. मी बघायला गेलो तर काकांचं अंथरूण ओट्यावर, चूलही ओट्यावर. दिवस थंडीचे. मी चिडलोच, "काका, हे काय चालवलंय? आत राहा की. घर तुमचंच आहे."

"माझं कुठलं? इकलंय म्या," काका म्हणाले. "मालकीण आत आल्याबिगर म्या कसा पाय ठिवू?"