दांडीला टांगलेली पुरचुंडी

मला रात्री स्वस्थ झोप लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बाकीची माणसं झोपतात आणि मध्येच कधीतरी जागी होतात. मी जागाच असतो आणि मध्येच कधीतरी मला झोप लागते. जागा असलो की तोंड हलायला लागतं. जव्हारला घरी असलो तर फरसाणाचा डबा, तो लपवला तर शेंगदाणे, तेही लपवले तर गूळ. डबे लपवून लपवून बायको थकली. एकदा तिनं फरसाणाच्या डब्यात सुया-दोरे भरून ठेवले. अंधारात मी हात घातला, बोटाला सुई टोचली आणि तोंडातून शिवी निघाली. अंथरुणातूनच ती म्हणाली, "आता सापडलीच आहे सुई, तर तोंड शिवून घ्या."

मी बस चालवतो. बरीच वर्षं माझ्याकडे मुक्कामी गाडी आहे. संध्याकाळी जव्हारहून निघायचं, मोखाड्याच्या स्टँडवर थोडं थांबायचं, तिथून पोशेऱ्याच्या अंगानं डोंगरात आत शिरायचं आणि रस्ता जिथं संपतो त्या पाड्यावर गाडी लावून रात्र तिथंच काढायची. पहाटे तीच गाडी माणसं भरून परत. शाळा-कॉलेजची पोरं, मजुरीला जाणारी जोडपी, दवाखान्यात न्यायचं माणूस, सगळे त्या पहिल्या गाडीवर अवलंबून. ती चुकली तर जीपची वाट बघत बसायचं, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून पाड्याच्या लेखी आमच्या गाडीला फार मान होता. मान गाडीला, पण गाडीला काही खाता येत नाही, म्हणून तो आम्हाला खावा लागे.

तिथं त्याला 'गाडीचं जेवण' म्हणतात. मुक्काम सुरू झाला तेव्हाच पाड्यानं ठरवून टाकलं होतं की, ड्रायव्हर-कंडक्टरला उपाशी ठेवायचं नाही आणि एकाच घरावर भारही टाकायचा नाही. रोज एक घर, पाळीपाळीनं. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी, कधी सुकट, थंडीत उकडलेले करांद्याचे कंद. आम्ही पोहोचायचो तेव्हा अर्धा पाडा झोपलेला असे, तरी पाळीचं घर चूल धरून बसलेलं असायचं. जेवून उठलो की निघताना हातात एक पुरचुंडी. रात्री भूक लागली तर असू दे म्हणून फडक्यात बांधलेली भाकरी, वर चटणीचा गोळा, नाहीतर गुळाचा खडा. ती मी गाडीतल्या दांडीला टांगून ठेवायचो आणि मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचो.

माझा कंडक्टर निवृत्तीला आलेला. दोन माणसांचं जेवायचा, वर पुरचुंडीतलं अर्धं खायचा आणि तरी अंगाला तोळाभर मांस लागायचं नाही. पाठ टेकली की घोरायला लागायचा. त्याचा मला भयंकर राग यायचा. मी पडल्या पडल्या ऐकत राहायचो. चाकाखाली लावलेली दगडाची ओट सरकली का? सकाळी ब्रेकला हवा धरेल ना? वळणावरचा कठडा पडलाय, धुकं असलं तर? मग उठायचं, खाली उतरून ओट बघून यायचं आणि वर आल्यावर हात आपोआप दांडीकडे जायचा. भूक नसायचीच. चावत असलो की डोक्यातलं थांबायचं, एवढंच. पुरचुंडी संपली की पुन्हा सुरू.

दिवाळीनंतर सारखी तहान लागायला लागली, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात रक्त दिलं. साखर निघाली, आणि बरीच निघाली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "रात्री किती वाजता जेवता?" मी सांगितलं. "त्यानंतर काही खाता?" मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. त्या म्हणाल्या, "गोळ्या मी देईन, पण रात्रीचं खाणं तुम्हालाच बंद करावं लागेल. गाडी चालवता ना तुम्ही?" शेवटचा प्रश्न त्यांनी सहज विचारला असेल, मला मात्र डेपो आठवला. शिमग्यानंतर आमची वर्षाची तपासणी होती. तिच्यात साखर हाताबाहेर गेलेली दिसली तर मला स्टिअरिंगवरून उतरवतील आणि डेपोत कुठंतरी टायर मोजायला बसवतील. आयुष्यभर मी दुसरं काहीच शिकलो नाही. गाडी गेली की माझ्यात उरतं काय, हा प्रश्न त्या दिवसापासून मला चावायला लागला.

म्हणून ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. पाड्यावर तर नाहीच. तिथं बोललेलं सकाळच्या गाडीत बसून माझ्याआधी डेपोत पोहोचलं असतं. मोखाड्याच्या स्टँडवर चहाबरोबर दोन बिस्किटं खायची आणि पाड्यावर गेल्यावर म्हणायचं, पोट बरं नाही.

पहिल्या रात्री त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या रात्री पाळीच्या घरातल्या म्हाताऱ्यानं ओव्याचं पाणी आणून दिलं. त्यानंतरही मी जेवायला बसेना, तेव्हा घरोघर कुजबुज सुरू झाली. मला ती कळत होती, पण मी माझ्याच हालात होतो. रिकाम्या पोटी रात्र सरत नव्हती. तीनदा-तीनदा ओट बघून यायचो. कंडक्टर मात्र दोघांचं जेवून यायचा, आणि त्याची ती पुरचुंडी माझ्या डोक्यावर लटकलेली असायची. तिखटाचा वास साऱ्या गाडीत भरायचा. मी चरफडायचो, कूस बदलायचो, एकदा तर उठून ती पुरचुंडी त्याच्या उशाशी फेकली. तो जागासुद्धा झाला नाही.

मग एक दिवस पाळी आली ती गाडीच्या जागेला लागून असलेल्या घराची. घरात माझ्याच वयाची बाई, नवरा वसईकडे बांधकामावर. हिच्याच अंगणात पाणी पिऊन आम्ही सकाळी निघायचो. तिकडे सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, साहेब आला तरी 'तू'च. त्या 'तू'ची मला इतकी सवय झाली होती की घरी बायकोनं 'अहो' म्हटलं की परकं वाटायचं. त्या रात्री गाडी लावून उतरलो तर तिच्या अंगणात दहा-बारा माणसं बसलेली. आणि रश्शाचा वास. तिनं कोंबडा कापला होता.

तिच्याकडे एकच कोंबडा होता, पहाटे आम्हाला उठवणारा.

"हे कशाला?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

ती म्हणाली, "दादा, आमचा काय चुकला तो सांग. भाकर आवडत नाय तर आमी भात करू. पन गाडी बंद नको करू."

"गाडी कोण बंद करतंय?"

"वरल्या पाड्याला असाच झाला. डायवर जेवाचा बंद झाला, मंग गाडी बंद झाली. तू पन आठ रोज जेवाला नाय बसत."

मला हसू आलं. खरंच आलं. माझ्या साखरेचा नि गाडीच्या मुक्कामाचा यांनी काय मेळ घातला होता! पण अंगणातलं एकही माणूस हसत नव्हतं. कोपऱ्यात कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली बसल्या होत्या, त्या तर माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मी बसलो आणि जेवलो. बसलो तो असा जेवलो की कंडक्टरही बघत राहिला. इतक्या दिवसांचं सगळं वसूल केलं. वर पुरचुंडी घेतली आणि मध्यरात्री तीही संपवली. जेवत होतो तेव्हा मी सुखात होतो, हे खोटं कशाला बोलू?

सकाळी घाटात माझे डोळे मिटले. क्षणभरच. कंडक्टरनं घंटी मारली, की मारायच्या आतच मी उघडले, ते आजही मला सांगता येत नाही. गाडी पडक्या कठड्याच्या बाजूला झुकली होती. मी ती आवरली, पुढं नेऊन थांबवली आणि उतरून तोंडावर पाणी मारलं. मागं पोरं गाण्याच्या भेंड्या लावून बसलेली, त्यांना कळलंही नव्हतं. कंडक्टर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्यानं खिशातून तंबाखू काढली, मळली आणि न खाताच टाकून दिली. मला माझीच किळस आली.

त्या रात्री मी कुणी विचारायची वाट बघितली नाही. गाडी लावली आणि त्या बाईच्या अंगणात उभं राहूनच सगळं सांगून टाकलं. साखर, डॉक्टर, तपासणी, रात्रीची पुरचुंडी, सकाळचा घाटही. "आता हे डेपोत कळलं तर कळू दे," असंही रागारागानं म्हणालो. राग कुणावर होता, देव जाणे.

ती म्हणाली, "कोंबडा फुकट गेला."

सगळे हसले. मीही हसलो, पण डोळ्यांत पाणी आलं.

मग पाड्यानं त्याच्या पद्धतीनं मार्ग काढला. गाडीचं जेवण बंद करणं त्यांच्या मनाला पटेना. पाळी मोडायची कशी? म्हणून ठरलं, पाळीच्या घरानं भाकरी पहाटे भाजायची आणि गाडी निघताना डबा माझ्याबरोबर द्यायचा. तो मी संध्याकाळी, दिवस मावळायच्या सुमाराला मोखाड्याच्या स्टँडवर खायचा. रात्री पाड्यावर फक्त पाणी. भाकरी संध्याकाळपर्यंत कडक होते, दातांना काम पडतं, पण पोट भरतं. कंडक्टरची पंगत रात्रीची होती ती तशीच चालू राहिली. त्यानं त्याबद्दल तक्रार केली नाही.

राहिली रात्र. त्याच रात्री मी गाडीकडे निघताना ती बाई पुन्हा पुरचुंडी घेऊन आली. मी वैतागून म्हणालो, "अगं, आत्ताच तर सगळं सांगितलं ना?"

"खायाचा नाय तो," ती म्हणाली. "सोडून तर बघ."

आत वाळलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. खाण्याची तूर झोडपून काढतात, पण बियाण्याच्या शेंगांना काठी लावत नाहीत, दाणा फुटतो. त्या हातानंच सोलायच्या, आणि ते काम कुणाला नको असतं. "तुजा हात रिकामा ऱ्हातो, मंग तोंड हालतं," ती म्हणाली. "सोल आनि सकाळला दे."

मला अपमान वाटला. ड्रायव्हर माणसानं रात्री बसून शेंगा सोलायच्या? पुरचुंडी दांडीला टांगली आणि झोपलो. अर्थात झोपलो नाही. उठून ओट बघून आलो, वर चढलो, आणि हात दांडीकडे गेलाच. मोबाईलची बॅटरी लावून एक शेंग फोडली. टरफल करकरलं, दाणे तळहातावर आले. मग दुसरी. एक दाणा तोंडात टाकून बघितला, दात हालायची वेळ आली, थुंकून दिला. कठड्याचा विचार येतच होता, हवेचा येत होता, मुलीच्या लग्नाचाही आला. मी सोलत राहिलो. सकाळी तिच्या हातात दाणे दिले तेव्हा तिनं ते निवडून बघितले आणि किडका एक दाणा मला परत दिला.

लगेच काही चमत्कार झाला नाही. घरी सुट्टीवर असताना मी दोनदा गूळ शोधून काढला. एकदा मोखाड्याच्या स्टँडवर भज्यांची प्लेट हातात घेतली. पाड्यावरचा एक मजूर समोर येऊन नुसता उभा राहिला, मी प्लेट त्यालाच दिली. पण पुरचुंड्या येत गेल्या. तूर संपली तेव्हा वाल आले, वालानंतर उडीद. ज्या घराचा डबा त्याच घराच्या शेंगा. कंडक्टर म्हणायचा, "निवृत्तीनंतर तुला पाड्यावर घरगडी म्हणून ठेवतील." सीटखाली टरफलांचा ढीग साचायचा, तो सकाळी कुणाची तरी शेळी खाऊन जायची.

शिमगा झाला आणि तपासणी आली. कागद हातात येईपर्यंत मी डेपोच्या आवारात इतक्या फेऱ्या मारल्या की वॉचमननं मला खाली बसायला सांगितलं. साखर पुरती गेली नव्हती, पण आटोक्यात होती. स्टिअरिंग राहिलं.

साहेबांनी बोलावून घेतलं. घाटातलं त्यांच्या कानावर होतं. सकाळच्या गाडीनं आपलं काम केलंच होतं. ते चांगल्या मनानं म्हणाले, "मुक्कामी सोडून द्या आता. दिवसाची ड्यूटी घ्या, संध्याकाळी घरी जेवा."

"आणि मुक्कामीला कोण?" मी विचारलं.

"बघू. कुणी तयार नाही. कुणी मिळालं नाही तर गाडी संध्याकाळीच परत आणू."

मी तिथंच उभा राहिलो. म्हणजे माझ्या ताटावर गाडी अवलंबून आहे असं समजून जी माणसं घाबरली होती, ज्यांच्यावर मी मनातल्या मनात हसलो होतो, त्यांचं बरोबर होतं. मी तिथं रात्र काढत होतो म्हणून गाडी तिथं रात्र काढत होती. मला साहेबांचा राग आला, मग माझा आला, मग म्हणालो, "मुक्कामी माझ्याकडेच राहू द्या."

घरी येताना सारा रस्ता मी बायकोला काय सांगायचं ते जुळवत होतो. दिवसाची ड्यूटी मिळावी म्हणून तिनं किती वर्षं माझ्यामागं धोशा लावला होता. सांगितलं तेव्हा ती दारात पाठ करून उभी होती. पाड्यावरच्या शेंगांचं मी तिला आधीच सांगितलं होतं. तिचं माहेर दाभोशाकडचं. नुकत्याच तिकडून आलेल्या तुरीच्या शेंगा पोत्यात तशाच पडून होत्या. तिनं आत जाऊन एक पिशवी आणली, पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळी-ओंजळीनं पिशवी भरायला लागली. भरून झाली तेव्हा ती माझ्या डब्याशेजारी ठेवून म्हणाली, "मग ह्याही घेऊन जा. आणि लोकांच्या आधी आपल्या सोला."