बॅटरी नसलेल्या गाडीचा हॉर्न

सई, ईशान,

आधी एक स्पष्ट करते. तुमच्या आजीने असल्या गोष्टींवर कधीच विश्वास ठेवलेला नाही. माझं निम्मं आयुष्य एअरफोर्सच्या क्वार्टर्समध्ये गेलं. तिथे आम्हाला हडळीपेक्षा इन्स्पेक्शनची भीती जास्त. तरीही इथे लखनौजवळ चिनहटला जे घडलं ते नीट क्रमाने लिहिते... काय ते तुम्ही ठरवा.

माधवीआत्याने बँकेची नोकरी सोडून जानकीपुरमला रोपांची नर्सरी काढली, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा जुना पिकअप भर रस्त्यात बंद पडला आणि एका लग्नाच्या सजावटीच्या कुंड्या पोचल्याच नाहीत. तेव्हापासून गिऱ्हाईकं कमी झाली. मला म्हणाली, "आई, आता घेईन ती गाडीही अशीच निघाली ना, तर नर्सरी बंद. बस, हो गया."

म्हणून सेकंडहँड गाडी बघायला तिने मला सोबत नेलं. आजोबा एअरफोर्सच्या गाड्यांच्या सेक्शनमध्ये होते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण गाडी कशी पारखायची ते त्यांनीच मला शिकवलं होतं. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. ते गरम लागलं तर विकणाऱ्याने इंजिन आधीच चालवून ठेवलंय, म्हणजे काहीतरी लपवतोय. मग टायर एकाच बाजूने झिजलेत का ते बघायचं. आणि शेवटी कपड्यांची पर्वा न करता खाली वाकून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बघायची. त्यांची स्वतःची एक सवयही होती. गाडी सुरू करण्याआधी ते दोन आखूड हॉर्न द्यायचे आणि थोडं थांबायचे, कारण थंडीत क्वार्टर्समधली मांजरं गाडीखाली झोपायची.

चिनहटला फैजाबाद रोडवरून आत वळलं की ते जुन्या गाड्यांचं यार्ड. छान ऊन पडलं होतं. समोरच एक निळा, चकचकीत पिकअप — आणि नंबरप्लेट पुण्याची! मागे चक्क मराठीत 'आईचा आशीर्वाद'.

"अगं, आपल्याकडची!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

यार्डवाला हुशार. "अम्मा जी, आपके देस की गाड़ी है। घर की बेटी समझिए।"

"बेटी नहीं भैया, बहू चाहिए. काम करनेवाली," आत्या म्हणाली.

लखनौत इतकी वर्षं काढली तरी पुण्याची पाटी दिसली की आम्ही विरघळतो. पुण्याची गाडी म्हणजे नीट वापरलेली असणार, हे आम्ही परस्पर ठरवूनही टाकलं. बॉनेट थंड होतं, टायर बरे होते. खाली वाकायचं मात्र राहिलंच... गुडघ्यांचं निमित्त होतंच.

आत्याने टोकनचे पैसे द्यायला मोबाईल काढला. मी शेजारच्या धुळकट करड्या पिकअपच्या बॉनेटला हात टेकून उभी होते.

पीं — पीं.

दोनदा, आखूड. आणि माझ्या तळव्याखालचं बॉनेट थरथरलं. त्याच क्षणी निळ्या गाडीखालून एक मांजर सुसाट पळालं.

"किसने बजाया?" यार्डवाल्याने विचारलं.

"इसी ने." मी करड्या गाडीकडे बोट दाखवलं. आत कोणी नव्हतं, दारं बंद होती.

"अरे नहीं अम्मा जी, इसमें तो बैटरी ही नहीं है।" त्याने बॉनेट उघडलं. खरंच, बॅटरीची जागा रिकामी, वायरी लोंबत होत्या. त्याने बॉनेट पुन्हा आपटून लावलं. मग म्हणाला, "सड़क से आवाज़ आई होगी।"

आत्या मांजर गेलं त्या दिशेला बघत होती. "आई... बाबा असाच वाजवायचे ना?"

मी एवढंच म्हणाले, "माधवी, आधी खाली बघ."

मोबाईलचा टॉर्च लावून ती निळ्या गाडीखाली वाकली. चासीला आरपार तडा गेलेला, त्यावर जाड वेल्डिंग आणि वरून काळा रंग. इतका ताजा की तिच्या बोटाला लागला.

"ज़रा सा टच-अप है, दीदी।"

"टच-अप? गमले लादते ही आपकी बेटी के दो टुकड़े हो जाते, भैया!"

करड्या गाडीत बॅटरी घालायला लावून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूर नाही. खाली पेपर अंथरून ठेवला, त्यावर तेलाचा थेंब नाही. तीच घेतली.

फक्त हॉर्न वाजेना. अलीगंजच्या मेकॅनिकने तो उघडला, तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं — दगडासारखं कडक. वायरही गंजून तुटलेली. "माता जी, ये तो सालों से नहीं बजा होगा।"

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, रस्त्यावरचाच आवाज असेल गं." असेलही. पण मग माझ्या तळव्याखाली थरथरलं ते काय? तो जुना हॉर्न मी माझ्या टेबलावर ठेवलाय. अधूनमधून उचलून कानाशी धरते.

नर्सरी चालू आहे. लग्नांच्या ऑर्डरी परत येऊ लागल्यात. रोज सकाळी आत्या नवा हॉर्न दोनदा आखूड वाजवते, थोडं थांबते, मग गाडी सुरू करते.

आमच्याकडे मांजर नाही.