आनिकाला कुणी विणू देईना

पाहुण्याच्या हातातलं काम काढून घेणारा पहिला माणूस आमच्या भागात कोण होऊन गेला, ते मला एकदा कळायला हवं. मूळ गुन्हा त्याचा आहे. त्यानं सुरुवात करून दिली, आणि आज बेळगावपासून निपाणीपर्यंत असं एक घर दाखवा जिथं पाहुण्याला स्वतःचं ताट उचलू देतात! सगळे याला प्रेम म्हणतात. मी अडवणूक म्हणते.

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. घडतात तेव्हा आपण डोकं धरून बसलेलो असतो. राग उतरतो, आणि मग तेच चारचौघांत सांगावेसे वाटतात. गेल्या जानेवारीत माझं तसंच झालं.

आनिका स्वीडनची. तिकडच्या विद्यापीठात कापडाचं डिझाइन शिकते. एका सेमिस्टरसाठी ती आमच्या कॉलेजात आली आणि कॉलेजनं मला तिची 'बडी' नेमलं. म्हणजे सिमकार्ड घेण्यापासून रस्ता ओलांडण्यापर्यंत तिचं सगळं मी बघायचं. तिची राहायची सोय बेळगावातल्याच वडगावात, अण्णा आणि आक्का या विणकर नवरा-बायकोच्या घरी. पुढच्या खोलीत त्यांचे पॉवरलूम, मागच्या खोलीत अण्णांच्या वडिलांचा हातमाग. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं फळ्या दाबायच्या आणि हातानं आडवा धागा नेणारा धोटा फेकायचा.

सेमिस्टरच्या शेवटी आनिकानं त्या मागावर दोन मीटर कापड विणायचं होतं. तिकडच्या तिच्या बाई व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेणार होत्या. पास झाली तर सेमिस्टर धरलं जाणार, नाहीतर सगळं वाया आणि पुन्हा पहिल्यापासून. अट एकच होती, कापडाला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

ही अट मी आक्काला नीट समजावून सांगितली.

"व्हय की!" आक्का म्हणाली. "हात लावतंय कोण?"

*

पहिला अडथळा आला थंडीचा.

बेळगावची जानेवारीतली सकाळ बोचरी असते, मान्य. पण आक्कानं स्वीडनच्या मुलीला स्वेटर घातला, त्यावर शाल गुंडाळली आणि वर कानटोपी चढवली. शालीचे गोंडे सारखे धोट्यात अडकायला लागले. दोन धागे टाकले की एक गोंडा सोडवायचा!

मी म्हटलं, "आक्का, तिच्या गावात आत्ता गुडघाभर बर्फ आहे."

"आसंल की. त्यो बर्फ वरनं पडतोय, झटकला की झालं. हितली थंडी हाडात शिरती. तिला सवं न्हाय!"

त्याच आठवड्यात तिच्या बाईंनी काम कुठवर आलं हे बघायला फोन केला. कानटोपीतली, शालीतली, घामानं डबडबलेली आनिका स्क्रीनवर आली. बाईंनी कापडाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "आनिका, तुला तिथं डॉक्टर मिळाला का?"

*

दुसरा अडथळा जेवणाचा. आनिका मागावर बसली की आक्काला तिची भूक आठवायची. उप्पीट झालं की चहा, चहा झाला की भाकरी, भाकरीवर पुन्हा लोणी.

मी आनिकाला 'नको' शिकवलं, उपयोग झाला नाही. शेजारच्या सरसाक्कानं कन्नडमधलं 'साकु' शिकवलं, म्हणजे 'पुरे'. त्याचाही उपयोग शून्य. एका दुपारी बिचारीनं मराठी, कन्नड, इंग्रजी आणि शेवटी स्वीडिश अशा चार भाषांत नकार दिला.

आक्का भाकरी वाढत म्हणाली, "एवढं बोलाय लागलीया म्हंजे पोटात काय न्हाय बघ पोरीच्या!"

*

आमच्या वर्गातला महेश निपाणीजवळच्या खेड्यातला. तो एका रविवारी म्हणाला, "कडोलीला साहित्य संमेलन आहे. अर्धा तास मागं उभं राहू, ऐकू, परत येऊ. आनिकाला मराठी माणसं बघायला मिळतील."

मराठी माणसं ती रोज बघतच होती, पण साहित्य म्हटलं की मी विरघळते. गेलो. मंडपाच्या अगदी मागच्या खांबाशी उभे राहिलो. एका गृहस्थांना तिचे सोनेरी केस दिसले, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की आनिका व्यासपीठावर होती, अंगावर शाल होती (आणखी एक शाल!), हातात नारळ होता आणि माइकवरून तिला दोन शब्द बोलायचा आग्रह चालला होता.

तिला पूर्ण अशी मराठी वाक्यं मोजकीच येत होती. त्यातलं सर्वांत जास्त सराव झालेलं तिनं म्हटलं, "माझं कापड राहिलंय. मला घरी जाऊ द्या."

मंडपात टाळ्यांचा कडकडाट! माझ्या शेजारच्या आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"काय बोलली पोरगी," ते म्हणाले. "आपल्या सगळ्यांचंच कापड राहिलंय."

*

कडोलीचं नाव निघालं तेव्हा महेशच्या आईनं ऐकलं, आणि ती रुसली. कडोलीला जाते, आमच्याकडं येत नाही! झालं, एक अख्खा दिवस निपाणीला. उसाचा हंगाम, गुऱ्हाळ पेटलेलं. महेशच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी आनिकाला ताजी काकवी पाजली, आणि निघताना भलामोठा कॅन तिच्या हातात ठेवला. "घरी न्हे. आईबाला दे."

मी समजावलं की विमानात एवढं सामान चालत नाही, पातळ पदार्थ तर मुळीच नाही.

"काकवी न्हेऊ देत न्हाईत?"

"नाही, आप्पा."

आप्पांनी आनिकाकडे अशा कळवळ्यानं पाहिलं की जणू तिला कुणी वाळीत टाकलंय. "मग असल्या इमानात बसतीस कशाला, बाळ?"

*

तुम्हाला वाटेल, हे घरच्या माणसांचं झालं, शिकलेली माणसं तरी मदत करत असतील. आता आमच्या विभागाच्या मॅडमचं ऐका.

परीक्षा तोंडावर आली होती. आनिकाच्या बोटांना चिरा पडल्या होत्या आणि मॅडमनी निरोप समारंभ परीक्षेच्या आधी ठेवला! मी तावातावानं केबिनमध्ये गेले.

"मॅडम, तिला वेळ हवाय. तिचं कापड अजून पुरं झालेलं नाही."

"अगं, काळजी कशाला करतेस? आपण तिला दहापैकी दहा देऊन टाकू."

"मार्क आपण देणार नाही आहोत, मॅडम. तिच्या बाई देणार आहेत. आणि कापड अपुरं आहे!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. चेहरा गंभीर झाला. मला वाटलं, पटलं.

"मग असं करू," त्या म्हणाल्या, "आपण अकरा देऊ."

*

आता तो दिवस.

संक्रांत होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा. कापड हातभर राहिलं होतं. आनिकाचं डिझाइन साधं, पांढरे आणि राखाडी पट्टे. काठ थोडासा नागमोडी. कुठं धागा घट्ट, कुठं सैल. पण प्रत्येक चूक तिची स्वतःची होती, आणि मला त्या वाकड्या काठाचा अभिमान वाटायला लागला होता.

माझं घर शेजारच्या शहापुरात. आईचा हट्ट की पोरगी परत निघालीये, तर हळदीकुंकवाला आलीच पाहिजे. "तासाभरात सोडते," आई म्हणाली. तुम्हाला आमच्या गल्लीतला तास माहीत नसेल. आनिका एका घरातून दुसऱ्या घरात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी तिळगूळ, वाण, फोटो. वडगावात परतलो तोवर चार वाजून गेले होते.

दारात आक्का, अण्णा, सरसाक्का ओळीनं उभे. तिघांचे चेहरे असे फुललेले की मला तिथंच शंका आली.

मागच्या खोलीत गेलो. कापड पुरं झालं होतं!

पट्टे काटेकोर, काठ ताठ, एकही धागा सैल नाही. आणि अगदी शेवटी, त्या शांत राखाडी पट्ट्यांवर, एक हिरवा-निळा मोर उभा होता.

"मोर म्या घातला," सरसाक्का म्हणाली. "लई सुनंसुनं वाटत हुतं."

माझा तोल गेला. "अण्णा, काय केलासा हे! तुम्ही तिला नापास करून ठेवलंय!"

अण्णा खरोखर गोंधळले. "नापास? एवढं चांगलं विणून?"

"तिनं विणायचं होतं! तिनं!"

"आगं, पोरगी रडकुंडीला आलती. बोटं बघितलीस तिची? घरात विणणारी माणसं आसताना तिनं एकटीनं का म्हून मरावं?"

यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं पाऊण तासाचं. पण आनिका मध्ये आली. तिनं मोरावरून हात फिरवला. "लई सुंदर," ती म्हणाली. आक्काकडे बघून हसली. मग म्हणाली, "पर माझं न्हाय."

आणि तिनं कात्री मागितली.

"आगं आगं!" सरसाक्का ओरडली. "सणाच्या दिवशी मागावरचं कापतीस व्हय?"

आनिकानं आडवे धागे मधोमध कापायला घेतले. उभ्या धाग्यांना धक्का न लावता, एकेक ओढून काढत. आधी मोर गेला. सरसाक्कानं भिंतीकडे तोंड केलं. अण्णा पुढं झाले. "दे हिकडं, कापायचंच आसंल तर मी कापतो, उभा धागा तुटंल."

"नको, अण्णा."

अण्णांचा पुढं आलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला, आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. त्यांच्या आयुष्यात पाहुण्यानं त्यांना पहिल्यांदाच 'नको' म्हटलं होतं आणि त्यांना ते ऐकावं लागलं होतं. मला वाईट वाटलं. खोटं का बोलू, थोडा आनंदही झाला.

*

दुसऱ्या दिवशी परीक्षेची वेळ झाली तेव्हा कापड वीतभर कमी होतं. आनिका पहाटेपासून विणत होती, तरी कमी.

आवाज नको म्हणून अण्णांनी पॉवरलूम बंद ठेवले. मी लॅपटॉप स्टुलावर लावला. भिंतीला टेकून अण्णा, आक्का, सरसाक्का, महेश आणि चक्क मॅडम. आक्कानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "काय बी होऊ दे, जागचं हलायचं न्हाय!"

स्क्रीनवर बाई आल्या. इकडचं तिकडचं काही नाही, थेट मुद्दा. मी भिंतीकडच्या लोकांना हळू आवाजात मराठीत सांगत होते.

"कापड कमी का आहे?"

"काल पुरं होतं," आनिका म्हणाली. "पण ते मी विणलेलं नव्हतं. म्हणून काढून टाकलं."

"कुणी विणलं होतं?"

आनिकाला नाव घ्यायचं नव्हतं. मी प्रश्न मराठीत सांगितला मात्र, अण्णा उभे राहिले.

"बाईंस्नी सांग शुभा, म्या विणलं. पोरीला ठावं नव्हतं."

"मोर माजा हुता," सरसाक्का बसल्या जागेवरून म्हणाली.

मी सांगितलं. मोरासकट. बाईंनी दोघांकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत.

"मग हे उरलेलं तिनंच विणलं, हे मला कसं कळणार? आनिका, आत्ता विण. मी बघते."

आनिका खड्ड्यात उतरली. धोटा टाकला, परत टाकला. बरं चाललं होतं. आणि काठाजवळचा एक उभा धागा तटकन तुटला.

त्या खोलीत तो धागा डोळे मिटून जोडू शकतील अशी तीन माणसं बसली होती. अण्णा अर्धे उठले. आक्कानं त्यांचा सदरा मागून पकडला. अण्णा बसले, आणि त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. ते बघून सरसाक्कानंही तसंच केलं. मग महेशनं. मॅडमनीही!

आनिकानं धाग्याची टोकं पकडली. गाठ बसेना. चिरलेल्या बोटांतून टोक निसटलं. पुन्हा पकडलं, पुन्हा निसटलं. अण्णांचे ओठ हलत होते, खांदे हलत होते, हात मात्र मांड्यांखालीच. सरसाक्कानं डोळे गच्च मिटून घेतले. मी आयुष्यात अनेक मोर्च्यांना गेलेय, घोषणा दिल्यात, पण एवढा जोर लावून गप्प बसलेली माणसं मी कधी पाहिली नव्हती.

गाठ बसली.

आनिकानं धोटा टाकला. धागा टिकला.

"पुरे," स्क्रीनवरून बाई म्हणाल्या. "मला बघायचं होतं ते मी बघितलं. पास." आणि त्यांनी कॉल बंद केला.

मी सांगितलं, "पास!"

कुणी ओरडलं नाही, कुणी उठलंही नाही. कारण आनिकानं मान वर केलीच नव्हती. अजून वीतभर राहिलं होतं, आणि ती विणत होती. आम्ही तसेच बसलो, भिंतीला टेकून, हात मांड्यांखाली दाबून, तिच्याकडे बघत.

पुढच्या दारातून गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन आत आला. बंद पॉवरलूम ओलांडून मागच्या खोलीच्या दाराशी थांबला. त्यानं खड्ड्यात राबणाऱ्या आनिकाकडे पाहिलं, मग ओळीनं बसलेल्या आमच्याकडे. सिलिंडर दाणकन खाली ठेवला.

"काय वो अण्णा! परक्या मुलखातली पोरगी एकटी राबतीया, आन् तुमी सगळी हात दडवून बसलायसा? वडगावातली विणकर सरली व्हय?"