परबांची खुंटी

विश्राम परबांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ते ती आधी कानाशी नेऊन हलवत. माझ्या लग्नात आहेरात आलेलं गजराचं घड्याळ त्यांनी भर मांडवात असंच हलवलं, उलटंपालटं केलं आणि निकाल दिला, "मागचां झाकण मूळचां न्हय." घड्याळ माझ्या सासऱ्यांनी दिलेलं होतं आणि ते शेजारीच उभे होते. त्यानंतर कित्येक वर्षं सासरे माझ्याशी कामापुरतंच बोलत.

घाटकोपरला परब माझे चाळीतले शेजारी. विक्रोळीच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात, मी ड्रॉइंग खात्यात. म्हणजे मला घरीही सुटका नव्हती आणि कामावरही. हजार नग नापास करताना हा माणूस कधी कचरला नाही. मात्र एकदा पास केलेल्या नगाकडे ते पुन्हा बघत नसत. "पास म्हणजे पास. परत बघूचा म्हणजे आपल्याच डोळ्यांचो अपमान," असं ते म्हणत.

मालवणजवळच्या त्यांच्या घरात पणजोबांचं ठासणीचं पिस्तूल एका सागवानी खुंटीवर असे. चुलत्यांनी ते परस्पर विकून टाकलं. परबांनी मग खुंटी उपटून घाटकोपरला आणली आणि खोलीच्या भिंतीत ठोकली. तिच्यावर तसलंच जुनं, अस्सल पिस्तूल येणार होतं. तोवर वहिनींनी तिथे बाजाराची पिशवी टांगायची आणि परबांनी ती काढून खाली ठेवायची, असा त्यांचा संसार चालला होता.

दर रविवारी "काणेकरानू, चला" अशी हाक आली की माझा रविवार गेलाच. कुणाकडे जुनं पिस्तूल आहे असं कळलं की परब तिथे जात. ते खिडकीशी धरून लोखंडाचा रंग सगळीकडे सारखा आहे का बघत, लाकूड आणि लोखंडामधल्या फटीत नख घालत, मग स्क्रू काढून आतल्या खुणा शोधत. कारागीर एका पिस्तुलाच्या प्रत्येक भागावर कानशीने सारखीच खूण करून ठेवतो, ती जुळली पाहिजे. ती कधीच जुळत नसे. नळी एकाची, दस्ता दुसऱ्याचा. परब तसं मालकाच्या तोंडावर सांगून चपला घालत आणि मालकाची समजूत काढायला मी मागे उरत असे. मला बरोबर नेत ते तेवढ्यासाठीच.

मग बांद्र्याचे डॉमनिककाका सापडले. त्यांच्या घरी चक्क जोडी होती, एकाच कारागिराची दोन पिस्तुलं. मुलं परदेशी गेलेली, घर आवरायला काढलेलं, म्हणून एक द्यायला ते कसेबसे तयार झाले होते. जोडी फुटणार याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. परबांना मात्र दिसत होते ते फक्त स्क्रू. त्यांनी ताडून बघायला दोन्ही पिस्तुलं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडली. एकाच्या सगळ्या भागांवर एक रेघ, दुसऱ्याच्या सगळ्या भागांवर दोन. परबांनी स्क्रू खाली ठेवले. "काणेकरानू, पास," ते म्हणाले. पिस्तुलाबद्दल तो शब्द मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

तेवढ्यात काकींनी ताटं आणली आणि वर्तमानपत्र सगळ्या सुट्या भागांसकट बाजूला सरकवलं. जेवण झाल्यावर परबांनी दोन्ही पिस्तुलं जोडली. खुणा परत न बघता एक पिस्तूल पैसे मोजून घरी आणलं. पास म्हणजे पास.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी माझं दार ठोठावलं. पिस्तुलाचा घोडा किंचित तिरका बसत होता. उघडलं तर नळीवर एक रेघ, घोड्यावर दोन. "म्हाताऱ्यान फसवलां," असं म्हणत त्यांनी मला कामावर खाडा करायला लावून बांद्र्याला नेलं आणि दारातच काकांवर तोफ डागली. मी नेहमीप्रमाणे मागे माफीची तयारी करत होतो. काकांनी आपल्याकडचं पिस्तूल आणून परबांच्या पुढ्यात ठेवलं. परबांनी ते उघडलं. नळीवर दोन रेघा, घोड्यावर एक.

परब म्हणाले, "चूक माजी. आत्ता बदलतंय."

काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "नको बदलू. मना जोडी फोडाची नव्हती. आता ती फुटली नाय. ऱ्हाऊ दे तशीच."

जन्मभर दुसऱ्याचं नापास केलेल्या माणसाला ती विजोड वस्तू घरी न्यावी लागली. काही दिवस ती ट्रंकेत होती, मग गुपचूप खुंटीवर आली. येईल त्याला परब स्वतःच सांगत, "घोडो मूळचो न्हय." तो कुणी बदलला हे मात्र मला सांगावं लागे. पुढे दर नाताळात ते आपला घोडा बघायला बांद्र्याला जाऊ लागले. अर्थात मला घेऊन.

परब गेले त्याच्या पुढच्या वर्षी वहिनींनी गावी जायचं ठरवलं. त्या लोखंडाचा त्यांना पहिल्यापासून तिटकारा. एका जुन्या वस्तू घेणाऱ्याला बोलावून त्यांनी मलाही बसवून घेतलं. वहिनींनी खुंटीवरचं पिस्तूल काढून त्याला दिलं आणि रिकाम्या खुंटीवर बाजाराची पिशवी टांगली. त्याने पिस्तूल खिडकीशी नेलं, भिंग लावलं, स्क्रू काढले. शेवटी ते खाली ठेवत तो म्हणाला, "घोडा ओरिजिनल नाही, साहेब."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मालकाची समजूत काढायची माझी सवय, पण त्या दिवशी मला खरंच राग आला.

"माहीत आहे," मी म्हटलं. "आमचा बांद्र्याला आहे."

तो माणूस गेला. वहिनी उठल्या, खुंटीवरची बाजाराची पिशवी काढून खाली ठेवली आणि पिस्तूल परत जागेवर टांगलं.