एक बाजू मोकळी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होते. धाकट्या भावाचा आवाज कापत होता, "ताई, नाना गेलं... चहा पीत बसलं हुतं, बसल्या जागीच गेलं." खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. आता माझ्यासाठी भिणारं कोण राहिलं?

नाना म्हणजे माझे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची ओळख भित्रा माणूस अशीच होती. विजेचं बटण ते लाकडी काठीनं दाबायचे, विहिरीत वाकून कधी बघायचे नाहीत आणि डॉक्टरची सुई दिसली की आधीच "आई गं" म्हणायचे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं वडील त्यांना सगळ्यांसमोर चिडवायचे आणि नानाही हसायचे. दिवाळी झाली की आमच्याकडच्या कितीतरी घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला जातात. नानांची उभी हयात त्यात गेली, आणि सगळ्यात मोठी भीतीही तिथलीच, उसातल्या बिबट्याची.

ऊस कडेकडेनं तोडत आत गेलं की शेवटी मधोमध एक तुकडा उभा राहतो. आत जे काही जनावर असेल ते सरकत सरकत त्या तुकड्यात येऊन बसतं. टोळीतल्या पोरांना चारी बाजूंनी भिडून काम उरकायची घाई असायची. नाना मात्र आडवे यायचे. एक बाजू मोकळी सोडा म्हणायचे, रानाकडची. एका वर्षी पोरांनी ऐकलं नाही आणि बिबट्यानं एकाचा खांदा फाडला. ते सांगताना नाना दर वेळी आपलाच खांदा चोळायचे. "जनावर वाईट नसतं गं," ते म्हणायचे, "त्येला जायाला वाट न्हाई ऱ्हायली की मंग ते जिवावर उदार हुतं."

मी बी.एस्सी. झाले तेव्हा घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून पेढे वाटले गेले. पेढे संपायच्या आत प्रश्न सुरू झाला... मग, पुढं काय ठरलं? वडिलांचं म्हणणं, पुण्याला क्लास लाव, तहसीलदार हो. मामांच्या मते बी.एड.सारखं दुसरं काही नाही. आत्यानं शेवगावचं स्थळ आणलं होतं. यातलं एकही माणूस माझं वाईट चिंतणारं नव्हतं, म्हणून तर मला कुणावर चिडताही येईना. ओट्याखाली पाहुण्यांच्या चपला दिसल्या तरी मी घरात न शिरता गोठ्याकडं वळायची. क्लास लावला आणि वर्षानुवर्षं नापासच होत राहिले तर? लग्न केलं आणि पदवी ट्रंकेत पडली तर? बी.एड. केलं आणि शाळाच मिळाली नाही तर? एक उत्तर चुकलं की सगळा जन्म चुकला, असं वाटायचं. जेवण जाईना. दिवस कलला की मी मळ्यातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. त्या दिवसांत मनात काय काय यायचं, ते लिहिताना आजही हात अडखळतो.

आणि विहिरीला भिणारे नाना रोज तिथं यायचे. म्हैस चारायचं निमित्त करून जरा अंतरावर, बाभळीचं खोड धरून बसायचे. काही विचारायचे नाहीत. मी उठले की तेही उठायचे, आणि घर येईपर्यंत त्यांची वहाण मागून वाजत राहायची.

एका रविवारी माजघरात सगळे जमले. मी भिंतीला टेकून मधोमध, भोवती माणसं. "मनीषा, आज काय ते सांगूनच टाक," वडील म्हणाले. उंबऱ्याजवळ बसलेले नाना उठले. थोरल्या भावापुढं त्यांनी कधी मान वर केली नव्हती.

"आण्णा, बास. चारी बाजूंनी धरू नका तिला."

"तू गप बस. तुला काय कळतंय शिक्षणातलं?"

"शिक्षनातलं न्हाई कळत," नाना माणसांतून वाट काढत पुढं येत होते, "पन भ्यालेलं वळखतो मी."

त्यांनी मागच्या दाराची कडी काढली. "मने, ऊठ. जा बाहीर." मी गेले. मागं नाना दारात उभे राहिले, कुणाला माझ्यामागं येऊ दिलं नाही. वरीसभर या पोरीला कुनी काय इचारायचं न्हाई, असं ते कापऱ्या आवाजात सांगत होते. तेव्हापासून दिवसा त्या दाराला कधी कडी लागली नाही.

वडील कितीतरी दिवस नानांशी बोलले नाहीत. स्थळ दुसरीकडं गेलं. मी शेवगावला एका खतांच्या दुकानात बसू लागले, तिथं माती परीक्षणाची माहिती कळली आणि फिरत फिरत नगरच्या प्रयोगशाळेत पोचले. हे काही माझं स्वप्न नव्हतं. बरोबर ठरवलं का, याची धाकधूक अजून आहे. नगरला निघाले त्या दिवशी मी नानांना विचारलं होतं, "नाना, चुकलं तर?" ते म्हणाले, "चुकलं तर माघारी फिर. वाट हाय न्हवं!" एवढं सांगणारा माणूस स्वतः मात्र रोज सकाळी फोन करायचा, "पोचली का गं?" गाडी उलटली असेल, अशीच त्यांची रोज खात्री असायची.

दहाव्याला त्याच माजघरात सगळे बसलो होतो. नानांचं शेंडेफळ, कोमल, यंदा बी.कॉम. झाली. मामा म्हणाले, आता बाप नाही, लवकर काहीतरी ठरवायला पाहिजे. आत्या कुणाच्या तरी मुलाबद्दल बोलली. आणि मी, शिकलेली थोरली बहीण, समजुतीच्या सुरात म्हणाले, "कोमल, निदान या महिन्यात तरी ठरव गं."

तिची नजर एकेका तोंडावरून फिरत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या खांद्यावरून मागं गेली. मी वळून बघितलं. गर्दीत जागा नव्हती म्हणून मागच्या दाराला कुणीतरी कडी घातली होती, आणि त्या दाराला पाठ लावून मी बसले होते.

मी उठले. कडी काढली, आणि दार उघडून बाजूला झाले.